बाळ कसं हवं, हे कोण ठरवणार?

(ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं पडतं, त्यांच्यासाठी या भागाचं हे लेखी रूप. बोलताना झालेली पुनरावृत्ती थोडी कापली आहे, बाकी भाषा बोलली तशीच ठेवली आहे.)

बसमध्ये असाल, लोकलमध्ये लटकत असाल किंवा भांडी घासता घासता ऐकत असाल, तुमचं स्वागत आहे.

आजचा विषय मी खरं तर वेगळ्या पद्धतीने सुरू करणार होते. सुपरह्यूमन, डिझायनर बेबी, निळ्या डोळ्यांची, सहा फूट उंचीची मुलं, वगैरे. स्क्रिप्ट तयार होती. तेवढ्यात गडचिरोली जिल्ह्यातून एका श्रोत्याची व्हॉइस नोट आली. तो म्हणाला, "ताई, माझ्या बहिणीला सिकलसेल आहे. एकोणीस वर्षांची आहे. दुखणं उठलं की रात्रभर हातपाय आखडून रडते. जीन बदलून हा आजार बरा होतो असं मी वाचलं. आणि त्याच पानावर खाली लिहिलेलं, की जीन बदलणं हे माणुसकीच्या विरोधात आहे. मग माझ्या बहिणीला बरं करणं चुकीचं आहे का?"

मी ती स्क्रिप्ट बाजूला ठेवली. आजचा सगळा भाग या एका प्रश्नाचं उत्तर आहे असं समजा. उत्तर थोडं लांब आहे, कारण "जीन बदलणं" या दोन शब्दांत किमान तीन वेगवेगळ्या गोष्टी लपल्या आहेत आणि आपण त्या एकाच पिशवीत कोंबतो.

आधी थोडं विज्ञान, घाबरू नका

आपल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत डीएनए असतो. त्याला एक लांबलचक मजकूर समजा. अक्षरं फक्त चार: ए, टी, जी आणि सी. एकेका पालकाकडून आपल्याला अशी सुमारे ३०० कोटी अक्षरं मिळतात. या मजकुरातला एक अर्थपूर्ण तुकडा म्हणजे जनुक, म्हणजेच जीन.

सिकलसेलमध्ये होतं काय? रक्तातलं हिमोग्लोबिन बनवणाऱ्या जनुकात फक्त एक अक्षर बदललेलं असतं. ए च्या जागी टी. बस्स. तेवढ्याने हिमोग्लोबिन एकमेकांना चिकटतं, तांबड्या पेशी गोल राहायच्या सोडून विळ्यासारख्या वाकड्या होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि मग त्या भयंकर वेदना सुरू होतात. आई आणि वडील दोघांकडून हे बदललेलं जनुक आलं तर आजार होतो. एकाकडूनच आलं तर माणूस फक्त वाहक असतो, त्याला सहसा काही त्रास नसतो. पण दोन वाहकांचं लग्न झालं तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार असण्याची शक्यता २५ टक्के असते.

आता क्रिस्पर. हे नाव तुम्ही रील्समध्ये ऐकलं असेल. जीवाणू विषाणूंपासून स्वतःला वाचवायला एक यंत्रणा वापरतात: विषाणूचा डीएनए ओळखायचा आणि कापायचा. इमॅन्युएल शार्पेंतिए आणि जेनिफर डाउडना या दोघींनी २०१२ साली दाखवलं, की ही यंत्रणा आपल्याला हव्या त्या जागी डीएनए कापायला वापरता येते. २०२० साली दोघींना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. त्याआधीही डीएनएत बदल करता येत होते, पण ते काम महागडं आणि किचकट होतं. क्रिस्परने ते खूप सोपं करून टाकलं. सगळी आशा आणि सगळी भीती, दोन्ही तिथूनच सुरू होतात.

पहिली गोष्ट: आजारी माणसाला बरं करणं

नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रिटनने आणि पुढच्याच महिन्यात अमेरिकेने सिकलसेलवरच्या एका क्रिस्पर उपचाराला मान्यता दिली. त्याचं नाव कॅसजेव्ही.

यात गंमत अशी, की ते चुकीचं अक्षर दुरुस्त करतच नाहीत. आपण आईच्या पोटात असताना आपल्याकडे वेगळं हिमोग्लोबिन असतं. जन्मानंतर ते बनणं जवळजवळ थांबतं, कारण एक जनुक त्याला ब्रेक लावतं. कॅसजेव्हीत रुग्णाच्या रक्ताच्या मूळपेशी शरीराबाहेर काढतात, तो ब्रेक क्रिस्परने सैल करतात आणि पेशी परत शरीरात सोडतात. मग गर्भात असतानाचं ते चांगलं हिमोग्लोबिन पुन्हा बनायला लागतं.

ऐकायला छान वाटतं, पण प्रत्यक्षात हा उपचार सोपा नाही. बदललेल्या पेशींना जागा करून देण्यासाठी आधी जोरदार केमोथेरपी द्यावी लागते. कित्येक आठवडे हॉस्पिटलमध्ये राहावं लागतं. पुढे मूल होण्याच्या क्षमतेवर परिणाम होऊ शकतो. आणि अमेरिकेतली किंमत? २२ लाख डॉलर. रुपयांत करून बघा, कोटींच्या पुढे किती शून्यं येतात ते.

पण नीतीच्या बाजूने पाहिलं तर इथे प्रश्न तुलनेने सोपा आहे. रुग्ण समोर आहे, त्याला त्रास होतोय, धोका समजून घेऊन तो स्वतः "हो" म्हणू शकतो. आणि बदल फक्त त्याच्या रक्ताच्या पेशींत होतो. तो त्याच्या मुलांकडे जात नाही. किडनी बदलण्याइतकाच हा वैद्यकीय उपचार आहे. याला माणुसकीच्या विरोधात म्हणणारे लोक फार कमी सापडतील.

दुसरी गोष्ट: न जन्मलेल्या बाळात बदल

आता दुसरी गोष्ट, जिथे खरं वादळ उठलं.

नोव्हेंबर २०१८. चीनमधल्या शेन्झेनच्या एका विद्यापीठातला संशोधक, ह च्यानक्वे, जाहीर करतो की त्याने भ्रूणावस्थेत क्रिस्पर वापरलं आणि त्यातून जुळ्या मुली जन्माला आल्या आहेत. त्यांची ओळख लपवायला त्याने लुलू आणि नाना अशी टोपणनावं वापरली. मुलींचे वडील एचआयव्हीबाधित होते. एचआयव्हीचा विषाणू पेशीत शिरताना सीसीआर-५ नावाच्या एका दाराचा वापर करतो. ते दार बंद करायचं, म्हणजे मुलींना कधीच एचआयव्ही होणार नाही, असा त्याचा दावा होता.

त्यानंतर काही दिवसांतच हाँगकाँगच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत तो बोलायला उभा राहिला. त्याला वाटलं असेल, टाळ्या पडतील. पण जगभरातून टीका झाली. डिसेंबर २०१९ मध्ये चीनच्या न्यायालयाने त्याला तीन वर्षांचा तुरुंगवास आणि ३० लाख युआन दंड ठोठावला.

एवढं काय चुकलं? चार मुद्दे सांगते.

एक, गरजच नव्हती. वडिलांना एचआयव्ही असला तरी वीर्य विशिष्ट पद्धतीने धुऊन, आयव्हीएफने बाळाला संसर्गापासून वाचवता येतं. म्हणजे ज्या आजारावर सोपा मार्ग होता, त्यासाठी अख्खं आयुष्य पणाला लावलं गेलं.

दोन, काम कच्चं होतं. युरोपातल्या काही लोकांत सीसीआर-५ जनुकाचा एक तुकडा निसर्गतःच गायब असतो. या मुलींत झालेले बदल अगदी तसे नव्हते. एकीच्या तर जनुकाच्या दोनपैकी एकाच प्रतीत बदल झाला होता. शिवाय सगळ्या पेशींत सारखा बदल झाला नसल्याची चिन्हं होती.

तीन, एक दार बंद केलं की दुसरीकडे काय उघडतं, हे माहीत नसतं. सीसीआर-५ नसलेल्या लोकांना वेस्ट नाईल विषाणूचा आजार झाला तर तो जास्त गंभीर होऊ शकतो. आणि याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण म्हणजे आपलं सिकलसेलच. एकच प्रत असलेल्या वाहकाला गंभीर मलेरियापासून संरक्षण मिळतं. म्हणून तर जिथे मलेरिया हजारो वर्षं होता, तिथे हे जनुक टिकून राहिलं. आपण ज्याला "खराब जनुक" म्हणतो, त्याने कित्येक पूर्वजांचे जीव वाचवलेत!

चार, आणि माझ्या मते सगळ्यात जड मुद्दा. त्या मुलींना कुणी विचारलं? भ्रूणावस्थेत केलेला बदल शरीराच्या बहुतेक पेशींत जातो, बीजपेशींतही जाऊ शकतो, मग त्यांच्या मुलांत, नातवंडांत. ज्यांच्यावर परिणाम होणार, त्यातलं कुणी जन्मालाही आलेलं नसतं. पालकांकडून घेतलेल्या संमतीपत्रातही प्रकल्पाचं वर्णन एड्सवरची लस विकसित करण्याचा प्रकल्प असं केलं होतं.

कुणी म्हणेल, ताई, आईवडील मुलांच्या वतीने रोजच निर्णय घेतात. नाव ठेवतात, शाळा ठरवतात, लस टोचतात. बरोबर आहे. पण नाव बदलता येतं, शाळा सोडता येते. आणि लसीमागे लाखो मुलांचा अनुभव उभा असतो. इथे तो अनुभवच नाही, आणि बदल परत घेण्याची सोयही नाही.

तिसरी गोष्ट: चांगल्याला "आणखी चांगलं" करणं

आतापर्यंत आजाराबद्दल बोललो. आता समजा बाळ निरोगी आहे. मग त्याची उंची वाढवू या का? बुद्धी? स्मरणशक्ती?

पहिला अडथळा विज्ञानाचाच आहे. सिकलसेलसारखे आजार एका जनुकामुळे होतात. पण उंचीचं घ्या. २०२२ मध्ये ५४ लाख लोकांच्या माहितीवरून एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. उंचीशी संबंध असलेल्या डीएनएतल्या १२,१११ जागा त्यात सापडल्या. बारा हजार! उंचीसारख्या टेपने मोजता येणाऱ्या गोष्टीची ही अवस्था, तर बुद्धीचं काय बोलायचं? कुठेही "हुशारी" नावाचं एक बटण नाही. आणि ज्या लोकांवर असे अभ्यास झालेत त्यातले बहुसंख्य युरोपीय वंशाचे आहेत, त्यामुळे त्यांचे अंदाज आपल्याकडे तितके चालत नाहीत. तरीही अमेरिकेत आयव्हीएफच्या भ्रूणांना असे गुण देऊन "त्यातल्या त्यात चांगला" भ्रूण निवडून देणाऱ्या कंपन्या सुरू झाल्या आहेत. यात जनुक बदलत नाहीत, फक्त निवडतात. पण बाजार कुठे निघालाय ते दिसतंय ना?

समजा उद्या विज्ञान तिथे पोहोचलं. मग? ज्युलियन सवुलेस्कू नावाचे एक तत्त्वज्ञ आहेत. २००१ सालापासून त्यांचं म्हणणं असं, की होऊ शकणाऱ्या मुलांमधून ज्याचं आयुष्य सगळ्यात चांगलं जाण्याची शक्यता आहे, ते मूल आईवडिलांनी निवडावं. त्याविरुद्ध मायकेल सँडेल म्हणतात, की मूल ही आपल्याला मिळालेली देणगी आहे. तिला आपल्या ऑर्डरप्रमाणे बनवायला निघालो, तर आईवडील असण्यातली नम्रताच हरवते.

मला हा वाद लातूर पॅटर्नमध्ये दिसतो. हसू नका, खरंच! दहावी झाली की मुलाला लातूरला किंवा कोट्याला पाठवायचं, नीटची तयारी करून घ्यायची. पालक कर्ज काढतात, शेत गहाण टाकतात. सवुलेस्कूंच्या बाजूचा माणूस म्हणेल, क्लासने मूल "वाढवलेलं" चालतं तर जनुकाने का नाही?

पण क्लासमध्ये काय घडतं ते आठवा. एकाने लावला की शेजारच्याला लावावाच लागतो. सगळ्यांनी लावला की कटऑफ वर जातो. सीटा तेवढ्याच राहतात. सगळ्यांचा खर्च वाढला, दमछाक वाढली, आणि रांगेतली जागा बहुतेकांची तीच राहिली. उंचीचंही तेच होणार. एकटा उंच झाला तर फायदा, सगळे चार इंच वाढले तर फक्त दरवाजे मोठे करावे लागतील. फरक एवढाच, की क्लासला कंटाळलेला मुलगा एक दिवस घरी फोन करून "मला हे नाही करायचं" म्हणू शकतो. जनुकातून आलेल्या अपेक्षेला तो कुठे फोन लावणार?

हे आपण आधी बघितलंय

मला कुणी विचारलं, की "निवडायचं स्वातंत्र्य द्या, लोक शहाणे आहेत," तर मी इतिहास दाखवते.

१८८३ साली इंग्लंडच्या फ्रान्सिस गॉल्टनने "युजेनिक्स" हा शब्द काढला. मराठीत आपण सुप्रजनन म्हणतो. चांगल्या लोकांनी जास्त मुलं जन्माला घालावीत, "कमी प्रतीच्या" लोकांनी घालू नयेत. पुढे अमेरिकेत कायदे झाले आणि ६० हजारांहून जास्त लोकांची नसबंदी केली गेली, बऱ्याचदा जबरदस्तीने. नाझी जर्मनीने १९३३ मध्ये कायदा केला आणि सुमारे चार लाख लोकांची नसबंदी केली. हे करणाऱ्यांत पदवीधर डॉक्टर आणि नामांकित प्राध्यापक होते.

आणि इथे एक मराठी धागा आहे. आपल्या इरावती कर्वे, "युगान्त"वाल्या, १९२०च्या दशकाच्या शेवटी पीएचडीसाठी बर्लिनला गेल्या होत्या. त्यांचे मार्गदर्शक होते ऑयगेन फिशर, तिथल्या मानववंशशास्त्र, आनुवंशिकता आणि युजेनिक्सच्या संस्थेचे संचालक. इरावतीबाईंना विषय मिळाला माणसाच्या कवट्यांची असमानता मोजण्याचा. युरोपीय कवट्या वेगळ्या आहेत, म्हणून त्यांची बुद्धी श्रेष्ठ, असं काहीतरी निघावं ही तिथली अपेक्षा. बाईंनी कवट्या मोजल्या आणि लिहिलं, की वंशाप्रमाणे असा फरक दिसत नाही. परदेशात, एकट्या, आपल्याच गाइडच्या मताविरुद्ध. मला हे फार मोठं वाटतं.

पण आपण लगेच कॉलर ताठ करायला नको. निवडीचं तंत्र हातात आल्यावर आपण काय केलं? गर्भजल तपासणी आली होती आजार शोधायला. तिचा वापर झाला मुलगी शोधायला. मुंबईतल्या कार्यकर्त्यांनी आवाज उठवला आणि १९८८ मध्ये गर्भलिंग तपासणीविरुद्ध कायदा करणारं महाराष्ट्र देशातलं पहिलं राज्य ठरलं. १९९४ मध्ये केंद्राचा कायदा आला, २००३ मध्ये तो आणखी कडक झाला. तरीही जनगणनेचे आकडे बघा. राज्यात शून्य ते सहा वयोगटात दर हजार मुलांमागे १९९१ साली ९४६ मुली होत्या, २००१ मध्ये ९१३ आणि २०११ मध्ये ८९४. बीड जिल्ह्यात तर २०११ मध्ये फक्त ८०७.

यातल्या प्रत्येक घरात निर्णय "कुटुंबाचा" होता. पण त्या निर्णयात सुनेचं किती चाललं असेल? उद्या भ्रूणाचा रंग निवडता आला, तर विवाहमंडळाच्या जाहिरातीत "गोरी" मागणारा समाज काय निवडेल, हे सांगायला ज्योतिषी नको.

मग कायदा काय म्हणतो?

भारतात न जन्मलेल्या बाळात, म्हणजे पुढच्या पिढीत जाणारे जनुकीय बदल करायला आयसीएमआरच्या मार्गदर्शक सूचनांनुसार बंदी आहे. रुग्णाच्या स्वतःच्या पेशींवरच्या जीन थेरपीला मात्र नियमांखाली वाट आहे. आयव्हीएफच्या २०२१च्या कायद्यात भ्रूणाची जनुकीय तपासणी करता येते, पण फक्त माहीत असलेल्या आनुवंशिक आजारांसाठी. लिंगनिवड नाहीच.

माझ्या मते सध्या रेघ इथेच असावी. ती कायम इथेच राहील असं मी म्हणत नाही. समजा एखाद्या जोडप्यातल्या दोघांनाही सिकलसेल आहे. त्यांचं प्रत्येक मूल आजार घेऊनच येणार. भ्रूण निवडायलाही वाव नाही. उद्या तंत्र सुरक्षित झालं तर त्यांना "नाही" म्हणणं अवघड जाईल, आणि जायलाच हवं. पण उंची आणि रंगासाठी ते दार उघडायला मी तरी तयार नाही.

आता त्या भावाला उत्तर

दादा, तुझ्या बहिणीला बरं करणं चुकीचं नाही. अजिबात नाही. ज्या बदलांवर जगात भांडण चाललंय, ते वेगळे आहेत. तुझ्या बहिणीच्या बाबतीत नीतीचा प्रश्न दुसराच आहे, आणि तो आपल्या सगळ्यांना आहे: उपचार सापडूनही तो तिच्यापर्यंत का पोहोचत नाही?

सिकलसेल आपल्याकडे विदर्भात आणि नंदुरबारसारख्या भागांत, जास्त करून आदिवासी आणि दलित घरांत आढळतो. जुलै २०२३ मध्ये केंद्राने सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू केली. चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन असं लक्ष्य आहे. दिल्लीच्या आयजीआयबी या सरकारी संस्थेत देशी क्रिस्पर उपचारावर काम चालू आहे. ते स्वस्तात यशस्वी झालं तर फार मोठी गोष्ट होईल.

तोपर्यंत हायड्रॉक्सीयुरिया नावाचं औषध आहे. गंमत म्हणजे तेही गर्भातलं हिमोग्लोबिन वाढवतं, म्हणजे त्या महागड्या उपचाराच्याच वाटेने जातं. ते सगळ्यांना सारखं चालत नाही, रक्त तपासत राहावं लागतं, म्हणून डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यायचं. तिला ते सुरू आहे का, हे एकदा विचारून घे.

आणि तू नोटच्या शेवटी हळूच म्हणालास, की स्थळं येतात आणि आजाराचं कळलं की परत जातात. लग्नाआधी दोघांनीही तपासणी करणं शहाणपणाचं आहे, वाहकांनाही. पण रिपोर्ट हा निर्णय नीट घ्यायला असतो. माणसाला नाकारायला तो वापरला, तर आपण गॉल्टनच्याच वाटेने चाललोय, फक्त आपल्या हातात कवटी मोजायच्या टेपऐवजी रक्ताचा कागद आहे.

माणसाचं भविष्य म्हटलं की आपल्याला उडणाऱ्या गाड्या आणि सुपरह्यूमन दिसतात. मला आज तरी ती एकोणीस वर्षांची मुलगी दिसते. एक रात्र ती न रडता झोपली, तर विज्ञानाने आपलं काम केलं असं मी म्हणेन.

तुम्हाला काय वाटतं? रेघ कुठे ओढायची? माझ्याशी भांडायचं असेल तर तेही चालेल, व्हॉइस नोट पाठवा, दोन मिनिटांच्या आत. निवडक नोट्स पुढच्या भागात ऐकू. आणि तुमच्या ओळखीत कुणाचं लग्न ठरत असेल, तर सिकलसेल आणि थॅलसेमियाच्या तपासणीबद्दल त्यांना एकदा नक्की सांगा.

भेटू पुढच्या आठवड्यात. काळजी घ्या!